कुऱ्हाडीचा दांडा कुठल्या झाडाचा?

१२ मार्च १९४८ रोजी सोलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगात मतदान झालं. आठ देशांचे प्रतिनिधी होते. प्रश्न असा होता : कोरियाच्या उत्तर भागात सोव्हिएत लष्कर आयोगाला पाऊलही ठेवू देत नाही, मग निवडणूक जिथे घेता येईल तिथेच, म्हणजे फक्त दक्षिणेत, घेऊन टाकायची का? ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा हे अमेरिकेचे मित्र, पण ते विरोधात गेले. फ्रान्स आणि सीरिया तटस्थ राहिले. बाजूनं चार मतं पडली : चीन (तेव्हाचा, चँग कै-शेकचा), फिलिपिन्स, एल साल्वादोर आणि भारत.

भारताची स्वतःची फाळणी होऊन तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. दिल्लीपासून कल्याणपर्यंत निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. अशा देशानं दुसऱ्या एका देशाच्या वाटणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली.

शीतयुद्धाचा विषय निघतो तेव्हा आपल्याकडे हा प्रसंग कुणी काढत नाही. आपली आवडती गोष्ट वेगळी आहे. दोन रेडे झुंजत होते, झाडंझुडपं तुडवली जात होती आणि आपण शहाण्यासारखे लांब उभे राहून ‘अरे, थांबा’ म्हणत होतो. या गोष्टीत खरं बरंच आहे. पण तिच्यातल्या झाडाझुडपांना स्वतःचं डोकं नसतं, ती बिचारी नुसती तुडवली जातात. मला हे पटत नाही. कोरिया, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि आपला शेजारी पाकिस्तान यांची १९४५ नंतरची दहा वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की आपल्याच एका जुन्या म्हणीपाशी यावं लागतं : कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. पातं वॉशिंग्टनमध्ये घडलं होतं, मॉस्कोत घडलं होतं. दांडा त्या त्या रानातला होता.

आधी पात्याविषयी, कारण महासत्तांना मोकळं सोडण्याचा माझा इरादा नाही. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९४३ च्या कैरो घोषणेत दोस्त राष्ट्रांनी त्याला यथावकाश स्वातंत्र्य द्यायचं कबूल केलं. यथावकाश म्हणजे कधी, हे कुणी सांगितलं नाही. ८ ऑगस्ट १९४५ ला सोव्हिएत संघानं जपानविरुद्ध युद्ध पुकारलं, त्यांच्या फौजा मांचुरियातून झपाट्यानं खाली सरकू लागल्या, आणि अमेरिकेच्या सर्वांत जवळच्या फौजा ओकिनावात, समुद्रापलीकडे. १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना शेजारच्या खोलीत बसवून अर्ध्या तासात रेघ शोधायला सांगितलं गेलं. हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा होता. सोल आपल्या बाजूला राहील एवढं बघून त्यांनी ३८ वा अक्षांश धरला. स्टालिननं तो मुकाट्यानं मान्य केला, याचं रस्क यांना नवल वाटलं. हे रस्क पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. त्या खोलीत कोरियन माणूस एकही नव्हता, हे सांगायलाच नको.

ज्या जमिनीवरून ही रेघ गेली तिथे तिला आधार म्हणून ना डोंगर होता, ना नदी, ना जिल्ह्याची हद्द. वीज आणि अवजड कारखाने बहुतेक उत्तरेत, भाताची खाचरं दक्षिणेत. एका भावाला चूल दिली आणि दुसऱ्याला तांदूळ, अशातली गत. १९४८ च्या मे महिन्यात दक्षिणेत निवडणूक झाली आणि चारच दिवसांनी उत्तरेनं दक्षिणेची वीज तोडली.

पण १९४५ ची ती रेघ सीमा नव्हती. शरण येणाऱ्या जपानी सैनिकांनी शस्त्रं कुणापुढे खाली ठेवायची, एवढ्यापुरती ती होती. तिची सीमा व्हायला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत जे झालं ते नकाशावर दिसत नाही.

जपाननं शरणागती जाहीर केली त्याच दिवशी सोलमध्ये ल्यो उन-ह्योंग या डाव्या वळणाच्या पण कम्युनिस्ट नसलेल्या नेत्यानं स्वातंत्र्याच्या तयारीची समिती काढली. काही आठवड्यांत तिच्या शाखा रेघेच्या दोन्ही बाजूंना, गावोगाव उभ्या राहिल्या. भाताची कोठारं राखणं, चोऱ्यामाऱ्या थांबवणं, तुरुंगातले राजकीय कैदी सोडवणं अशी रोजची कामं त्या करत होत्या. उत्तरेत, प्योंगयांगमध्ये, चो मान-सिक हे ख्रिस्ती राष्ट्रवादी तशाच समितीचं नेतृत्व करत होते. म्हणजे अख्ख्या देशाचं म्हणता येईल असं काहीतरी, कच्चं का होईना, रुजायला लागलं होतं. ८ सप्टेंबरला अमेरिकन फौज इंचॉनला उतरली आणि जनरल हॉज यांनी या समित्यांना आणि त्यांच्यातून जाहीर झालेल्या प्रजासत्ताकाला मान्यता द्यायचं साफ नाकारलं. जपानी अमलात नोकरी केलेले पोलीस मात्र त्यांना चालले. उत्तरेत सोव्हिएत अधिकाऱ्यांनी समित्या ठेवल्या आणि आतली माणसं बदलली. जानेवारी १९४६ मध्ये चो नजरकैदेत गेले, ते पुन्हा मोकळे झालेच नाहीत.

मग दोन माणसं पुढे आली. दक्षिणेत सिंगमन ऱ्ही, वय सत्तर, बरीचशी हयात अमेरिकेत काढलेली. उत्तरेत किम इल सुंग, वय तेहतीस, सोव्हिएत लष्करातला कॅप्टन. दोघांनाही प्यादी म्हणायची पद्धत आहे. मला ती पद्धत या दोघांवर अन्याय करणारी वाटते, म्हणजे त्यांच्या कर्तबगारीवर. प्यादं स्वतःहून घर सोडत नाही. या दोघांनी पट उलटवला.

डिसेंबर १९४५ मध्ये मॉस्कोत महासत्तांचं ठरलं होतं ते असं : सगळ्या कोरियाचं एक हंगामी सरकार आणि त्यावर जास्तीत जास्त पाच वर्षं चार राष्ट्रांची देखरेख. ही देखरेख अपमानकारक होती यात वाद नाही. पस्तीस वर्षं जपानचं जोखड वाहिलेल्या लोकांना अजून पाच वर्षं पालक कशाला हवेत? लोक रस्त्यावर आले ते बरोबरच होतं. पण ‘एक सरकार’ हे शब्द ज्यावर होते असा तेवढाच एक कागद होता, आणि रस्त्यावरच्या रागाआड दोन्ही बाजूंना आपापलं घर बांधायला सुरुवात झाली. फेब्रुवारी १९४६ मध्ये उत्तरेत किमच्या हाताखाली वेगळी हंगामी राजवट आली आणि मार्चमध्ये तिनं जमिनींचं फेरवाटप केलं. ३ जून १९४६ ला ऱ्ही यांनी जोंगअप गावातल्या भाषणात दक्षिणेचं स्वतंत्र सरकार हवं, असं उघड सांगून टाकलं. तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांची संयुक्त समिती अडखळत का होईना, मोडलेली नव्हती. घाई घरच्यांना होती.

दोन्ही बाजूंशी बोलू शकणाऱ्या माणसांचं काय झालं? ल्यो उन-ह्योंग यांना जुलै १९४७ मध्ये सोलच्या रस्त्यात गोळ्या घातल्या. किम गू हे ऱ्हींइतकेच कडवे कम्युनिस्टविरोधक, पण वेगळ्या निवडणुकीच्या पूर्ण विरोधात. एप्रिल १९४८ मध्ये ते रेघ ओलांडून प्योंगयांगला बोलणी करायला गेले, रिकाम्या हातानं परतले, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये दक्षिणेच्याच एका लष्करी अधिकाऱ्यानं त्यांना घरात शिरून मारलं. निवडणुकीच्या वादातून जेजू बेटावर उठाव झाला. तो मोडताना मेलेल्यांची संख्या खुद्द दक्षिण कोरियाच्या सरकारी चौकशीनं पुढे पंचवीस ते तीस हजारांच्या घरात धरली. १५ ऑगस्ट १९४८ ला दक्षिणेचं प्रजासत्ताक झालं, ९ सप्टेंबरला उत्तरेचं. दोन्ही सरकारांनी आपणच संपूर्ण कोरियाचे मालक असल्याचं सांगितलं.

याच्या शेजारी आता ऑस्ट्रिया ठेवू. तिथेही १९४५ मध्ये परक्या फौजा होत्या. दोन नव्हे, चार देशांच्या. चार विभाग, व्हिएन्नाचेही चार तुकडे, आणि शहराच्या मध्यभागी चार देशांचे चार शिपाई एकाच जीपमधून गस्त घालायचे. तुटायला लागणारं सगळं साहित्य हजर होतं. तरी ऑस्ट्रिया तुटला नाही. का?

युद्ध संपायच्याही आधी, २७ एप्रिल १९४५ ला, कार्ल रेनर या चौऱ्याहत्तर वर्षांच्या समाजवादी पुढाऱ्यानं व्हिएन्नात सरकार जाहीर केलं. त्यात समाजवादी होते, कॅथलिक परंपरेतले उजवे होते आणि कम्युनिस्टही होते. व्हिएन्ना तेव्हा सोव्हिएत लष्कराच्या ताब्यात होतं, त्यामुळे लंडन-वॉशिंग्टनला हा स्टालिनचा हस्तक वाटला. रेनर काही संत नव्हते. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला तेव्हा त्यांनी जाहीरपणे होकार दिला होता. पण या वेळी त्यांनी एक गोष्ट पकडून ठेवली : सरकार एकच, चारही विभागांचं. पश्चिमेकडच्या प्रांतांतले पुढारी सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाला बोलावले, त्यांना मंत्रिमंडळात जागा दिल्या, ऑक्टोबरमध्ये पाश्चात्त्यांची मान्यता मिळवली आणि नोव्हेंबरमध्ये सगळ्या देशात एकाच दिवशी निवडणूक घेतली. कम्युनिस्टांना १६५ पैकी चार जागा मिळाल्या. तेव्हापासून दहा वर्षं उजवे आणि समाजवादी यांनी एकमेकांचा राग राग करत एकत्र राज्य केलं. हे दोन पक्ष १९३४ मध्ये रस्त्यावर एकमेकांवर तोफा-बंदुका चालवून चुकले होते, तेव्हा प्रेमाचा प्रश्नच नव्हता. एकदा घर फुटलं होतं आणि त्याचा फायदा शेजाऱ्यानं घेतला होता, ती आठवण ताजी होती.

१५ मे १९५५ ला व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर राजवाड्यात करार झाला, ऑक्टोबरपर्यंत चारही फौजा निघून गेल्या आणि २६ ऑक्टोबरला ऑस्ट्रियाच्या संसदेनं कायमच्या तटस्थतेचा कायदा केला. त्याच मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पश्चिम जर्मनी नाटोत गेला आणि १४ तारखेला वॉर्सा करारावर सह्या झाल्या. म्हणजे युरोपात दोन्ही गटांच्या भिंती लिंपल्या जात होत्या आणि त्याच आठवड्यात त्या भिंतींच्या मधोमध एक देश सलग उभा राहिला.

इथे कुणी म्हणेल, ऑस्ट्रिया लहान होता, त्याच्यासाठी मॉस्को किंवा वॉशिंग्टन अडून बसणार नव्हतं, कोरियाची गोष्ट वेगळी. आक्षेप बरोबर आहे आणि मला तो टाळायचा नाही. कोरियात रेनर निपजले नाहीत असं नव्हतं. ल्यो तसे होऊ शकले असते, त्यांना होऊ दिलं गेलं नाही. हॉज यांनी मान्यता नाकारली नसती, चो यांना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी डांबलं नसतं, तर काय झालं असतं सांगता येत नाही. परक्या लष्करानं कुणाला खुर्ची दिली आणि कुणाला कोठडी, यातच निम्मा निकाल लागला होता. दोष सारखा वाटून टाकण्यात मला रस नाही. पण उरलेला निम्मा निकाल कुणी लावला, हा प्रश्न तरीही राहतोच. तो बहुतेक वेळा कुणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर घरातल्या माणसांकडे बोट दाखवतं. जर्मनीतही मार्च १९५२ मध्ये स्टालिननं एक चिठ्ठी पाठवली : जर्मनी एक करू, अट एवढीच की तो कुठल्याही लष्करी गटात जायचा नाही. चिठ्ठी खरी होती की सापळा, यावर इतिहासकार अजून भांडतात. ती तपासून पाहण्याची उत्सुकता मात्र बॉनमध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउर यांना अजिबात नव्हती. पश्चिमेशी घट्ट बांधलेला अर्धा जर्मनी त्यांना अधांतरी तरंगणाऱ्या अख्ख्या जर्मनीपेक्षा बरा वाटत होता. त्यांचा निर्णय चुकीचाच होता असं मी म्हणणार नाही, पश्चिम जर्मनांची चाळीस वर्षं त्यानं सुखाची केली. किंमत पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग आणि ड्रेस्डेनच्या लोकांनी दिली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता आघाड्यांविषयी. मोठा देश हुकूम सोडतो आणि लहान देश तो पाळतो, असं आपण धरून चालतो. कोरियाचं युद्ध नेमकं याच्या उलट सांगतं. दक्षिणेवर चाल करायची परवानगी किमनं स्टालिनकडे मार्च १९४९ मध्ये मागितली, तेव्हा नकार मिळाला. तो पुन्हा पुन्हा मागत राहिला. १९५० च्या सुरुवातीला स्टालिन विरघळला, तेही माओची संमती आणायची अट घालून. मे महिन्यात किम बीजिंगला जाऊन ती घेऊन आला. २५ जूनला युद्ध सुरू झालं. नाही म्हणायची ताकद स्टालिनकडे होती आणि त्यानं ती वापरली नाही, हे खरं. पण आग्रह प्योंगयांगचा होता.

दुसऱ्या बाजूला ऱ्ही यांनी काय केलं पाहा. जून १९५३ मध्ये तीन वर्षांच्या कत्तलीनंतर युद्धविराम अगदी दारात आला होता. मेलेल्यांचे अंदाज पंचवीस-तीस लाखांच्या आसपास जातात. ऱ्ही यांना युद्धविराम नको होता, त्यांना सगळा कोरिया हवा होता. १८ जूनला त्यांनी आपल्या पहाऱ्यातल्या छावण्यांची दारं उघडून उत्तरेकडचे पंचवीस हजारांवर युद्धकैदी परस्पर सोडून दिले. ज्या मुद्द्यावर वाटाघाटी दीड वर्ष अडकल्या होत्या तोच मुद्दा त्यांनी एका रात्रीत उधळला. अमेरिकेचा संताप इतका की ऱ्ही यांनाच बाजूला सारण्याची योजना त्यांच्या लष्करानं आखून ठेवली होती. ती वापरली गेली नाही. उलट १ ऑक्टोबर १९५३ ला वॉशिंग्टननं दक्षिण कोरियाशी संरक्षण करार केला, भरघोस मदत कबूल केली, आणि ऱ्ही यांनी बदल्यात एवढंच दिलं की आपण युद्धविराम मोडणार नाही. त्यावर सही त्यांनी केलीच नाही. ज्या दक्षिण कोरियाच्या भूमीवर युद्ध झालं त्याची सही २७ जुलै १९५३ च्या कागदावर आजही नाही. अमेरिकेचे सुमारे साडेअठ्ठावीस हजार सैनिक आजही तिथे आहेत. दोरी कुणाच्या हातात होती आणि गळ्यात कुणाच्या, हे मला तरी चटकन सांगता येत नाही.

किमनंही हाच खेळ जरा जास्त सफाईनं खेळला. १९५६ मध्ये त्याच्या पक्षातल्या विरोधकांना वाचवायला मॉस्कोहून मिकोयान आणि बीजिंगहून फंग दहुआय स्वतः प्योंगयांगला आले. किमनं मान डोलावली, पाहुण्यांना निरोप दिला आणि नंतर सावकाशीनं त्या विरोधकांचा काटा काढला. जुलै १९६१ मध्ये त्यानं पाच दिवसांच्या अंतरानं दोघांशीही वेगवेगळे संरक्षण करार केले. मॉस्को आणि बीजिंग तेव्हा एकमेकांशी धड बोलत नव्हते. चीनबरोबरचा तो करार अजून लागू आहे.

या युद्धानं बाकीच्या जगाला कसा आकार दिला ते थोडक्यात. नाटो १९४९ ची, पण तोवर ती बहुतांशी कागदावर होती. एकत्र सेनापती आणि उभी फौज तिला कोरियाच्या धक्क्यानं मिळाली. तैवानच्या सामुद्रधुनीत अमेरिकन आरमार पाठवायचा हुकूम युद्धाच्या तिसऱ्या दिवशी निघाला आणि तो प्रश्न आजवर तिथेच अडकून आहे. जपान अमेरिकेचा शत्रू होता, तो १९५१ मध्ये मित्र झाला.

आणि हे लोण आपल्या दारात आलं. साम्यवादाला कुंपण घालायचं म्हणून अमेरिकेनं मे १९५४ मध्ये पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला. पाठोपाठ पाकिस्तान मनिला आणि बगदाद अशा दोन्ही लष्करी करारांत शिरला. कराचीतल्या राज्यकर्त्यांना साम्यवादाची किती भीती होती हे त्यांनाच ठाऊक. त्यांचा हिशेब दिल्लीशी होता, आणि अमेरिकेला वाटणारी साम्यवादाची भीती ही त्या हिशेबासाठी मिळालेली बिनव्याजी उचल होती. साम्यवाद्यांशी लढायला दिलेले पॅटन रणगाडे सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या उसाच्या शेतांत येऊन रुतले. त्याहून मोठी किंमत पाकिस्तानच्या आतच मोजली गेली. परदेशी शस्त्रांवर पोसलेलं लष्कर घरातल्या सगळ्यांपेक्षा मोठं झालं. १९५८ मध्ये त्यानं राज्य घेतलं आणि १९७१ मध्ये देशाचा अर्ध्याहून जास्त लोकसंख्येचा भाग गमावला. बाहेरची फौज आपल्या भांडणात उतरवली की ती फुकट उतरत नाही, हे ज्यांच्या इतिहासात राघोबादादांचा सुरतेचा तह आणि दुसऱ्या बाजीरावांचा वसईचा तह आहे, त्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

मग आपलं अलिप्ततेचं धोरण? त्याच्याकडे मी उपदेश म्हणून कधी पाहू शकलो नाही. उपदेशाचा भाग त्यात होता आणि तो बऱ्याच जणांना डोक्यात जायचा, दक्षिण कोरियाला तर फारच. पण मुळात ते घरफुटी टाळण्याचं धोरण होतं. भाषा, जाती, धर्म आणि तेलंगणातलं सशस्त्र बंड सांभाळत असलेल्या देशात एक गट अमेरिकेचा आणि एक गट रशियाचा अशी रेघ पडली असती, तर ती पुसायला कुणी आलं नसतं. त्या धोरणात डाग आहेतच. १९४८ चं मत हा एक. १९६२ च्या नोव्हेंबरात नेहरूंनी केनेडींकडे विमानं मागितली, ऑगस्ट १९७१ मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोशी करार केला. पण परक्या फौजेचा तळ आपल्या मातीवर बसला नाही, आणि ‘मला खुर्चीवर ठेवा, मी तुमचा’ असं म्हणत दिल्लीचा कुणी पंतप्रधान बाहेर गेला नाही.

१९४८ ची चूक भारताला बोचत असावी, निदान मला तसं वाटायला आवडतं. युद्ध सुरू झाल्यावर आपण उत्तरेच्या हल्ल्याचा निषेध केला, पण लढायला सैन्य पाठवलं नाही. ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पाठवली. ऑक्टोबर १९५० मध्ये बीजिंगमधले आपले राजदूत पणिक्कर यांना चौ एन-लाय यांनी मध्यरात्री उठवून बोलावलं आणि सांगितलं की अमेरिकन फौजा ३८ वा अक्षांश ओलांडतील तर चीन गप्प बसणार नाही. भारतानं निरोप पोचवला. वॉशिंग्टनला पणिक्कर चीनधार्जिणे वाटत, त्यामुळे निरोपाची किंमत झाली नाही. काही आठवड्यांत चिनी फौजा सीमेवरची यालू नदी ओलांडून आल्या आणि युद्ध आणखी पावणेतीन वर्षं चाललं.

या सगळ्यात एक गोष्ट विसरली जाते. विभागणी ही राजवटींना सोयीची असते. जुलै १९७२ मध्ये, निक्सन चीनला जाऊन आल्यावर, दोन्ही कोरियांनी घाबरून एकमेकांशी बोलायला सुरुवात केली आणि शांततेनं एकत्र येण्याचं संयुक्त पत्रक काढलं. लोक रडले, मिठाया वाटल्या गेल्या असतील. ऑक्टोबरमध्ये दक्षिणेत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी संसद बरखास्त करून तहहयात सत्तेची सोय करणारी राज्यघटना आणली. डिसेंबरमध्ये उत्तरेत किमनं नवी राज्यघटना करून स्वतःला राष्ट्राध्यक्ष केलं. दोघांचंही कारण एकच होतं : एकीकरणाच्या या नाजूक काळात खंबीर नेतृत्व हवं. पुढच्या पिढ्यांत दक्षिणेच्या लोकांनी ती राजवट उलथवून लोकशाही आणली. उत्तरेत नातू राज्य करतो आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यानं एकीकरणाचं ध्येयच सोडून दिल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यानं रशियाशी संरक्षण करार केला आणि वर्ष संपायच्या आत उत्तर कोरियाचे सैनिक कुर्स्कमध्ये युक्रेनशी लढत होते. ज्या दोरीनं आजोबा बांधलेले दिसत होते, तिचं दुसरं टोक नातवानं पुन्हा हातात घेतलं आहे.

१९५३ मध्ये परत जाऊ. घरी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचं काय करायचं, हा युद्धविरामातला शेवटचा अडसर होता. त्यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला. अध्यक्ष जनरल थिमय्या. स्वीडन आणि स्वित्झर्लंड एका बाजूला, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या बाजूला, त्यामुळे बहुतेक निर्णय भारताच्या मतावर यायचे आणि दोन्हीकडच्या शिव्याही. कैद्यांचा पहारा करायला भारतानं सुमारे सहा हजारांची फौज पाठवली, तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाऊल ठेवायला मनाई केली. इंचॉनच्या बंदरातून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरनं उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. सहा हजार माणसांची पलटण अशी हवेतून नेली गेली, कारण एका म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षाला आपल्या अर्ध्या देशात तिसरा पक्ष नको होता.

छावण्यांमध्ये बावीस हजारांवर कैदी होते, चिनी आणि उत्तर कोरियन. काटेरी तारांच्या आतही टोळ्या होत्या. ज्याला घरी जायचं असेल त्यानं तोंड उघडायची सोय नव्हती, रात्री त्याचा जीव जायचा. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून ओलीस धरलं. थोरात मोजक्या माणसांनिशी स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला बाहेर घेऊन आले. प्रत्येक कैद्याला तंबूत बसवून त्याच्या देशाचा प्रतिनिधी समजावणार, आणि मग कैद्यानं एक दार निवडायचं, अशी व्यवस्था होती. एक दार घराकडे, दुसरं दार पुन्हा छावणीकडे, म्हणजे पर्यायानं ऱ्ही किंवा तैवानातल्या चँग यांच्याकडे. काही जण दोन्हीकडे बघत ओरडत होते, काही प्रतिनिधींवर खुर्च्या फेकत होते. डिसेंबरात मुदत संपली तेव्हा बहुतेकांना समजावणं झालंच नव्हतं. जानेवारीत थिमय्या यांनी उरलेले कैदी ज्या बाजूनं पकडून आयोगाकडे सोपवले होते त्या बाजूला परत दिले, आणि दोन्ही बाजूंनी भारतानं विश्वासघात केल्याचं सांगितलं.

ऐंशीच्यावर माणसं मात्र कुठल्याच दारातून जायला तयार नव्हती. त्यात कोरियन जास्त होते, काही चिनी होते. उत्तर नको, दक्षिण नको, बीजिंग नको, तैवान नको, आम्हाला तिसऱ्या कुठल्यातरी देशात पाठवा, असं त्यांनी लिहून दिलं. त्यांच्यासाठी दार कुणी ठेवलंच नव्हतं. फेब्रुवारी १९५४ मध्ये परतणाऱ्या भारतीय फौजेबरोबर त्यांनाही जहाजावर चढवलं. ते भारतात उतरले, इथे दोनेक वर्षं थांबले, मग त्यांतले बरेच जण ब्राझील आणि अर्जेंटिनाला निघून गेले. काही इथेच राहिले.